पद

वेर्ण्याच्या ऑफिसातून कोणी बाई बोलत होती. नवीन असावी.
"तुम्हाला काढलेलं नाही, मॅडम.
पदच राहिलेलं नाही."
माझ्या पसरल्या पायांवर, खोबरेलाने माखलेली
अकरा आठवड्यांची.
न्हाणीत सासूबाई भाणातलं पाणी विसावत होत्या.
"कोण गो?"
"कोणी नाही," म्हटलं.

नऊ वर्षं गोळ्यांच्या पट्ट्या तपासल्या.
पट्ट्यावरून सरकताना एकही रिकामा कप्पा
माझ्या नजरेतून सुटला नाही.

काल मिलाग्रिन स्कूटरवरून पिशवी देऊन गेली:
स्वेटर, चमचा, मिस्कुटाची बाटली,
तोडलेलं कुलूप.
त्याची किल्ली इथे माझ्याकडेच आहे,
मागितली असती तर दिली असती.
ती आत आली नाही. बाळाला बघायलाही नाही.
हेल्मेट न काढताच म्हणाली, उशीर झाला गो.

कंपनीची बस अजून सहा चाळीसला
शिरोड्याच्या तिठ्यावर थांबते.
शाबी ड्रायव्हरला कोणी कळवलं नसावं.
तो दोनदा हॉर्न देतो, थोडा थांबतो,
आणि तिला जाग यायच्या आधीच
मला पान्हा फुटतो.