एकोणतीस किलो

थंडीत माझा डावा गुडघा, ढब्बूचा उजवा खांदा.
वाटलं, माझंच दुखणं लागलं याला.
तेलाची बाटली एकच;
आधी तो, मग उरलेल्या तळव्याने मी.
वेताळ टेकडीच्या पहिल्याच चढावर
दोघं थांबायचो, मोर बघतोय असं दाखवत.

सबनीस डॉक्टरीणबाईंनी फिल्म खिडकीशी धरली.
हाडात वाळवीची वाट.
"संधिवात नाही हो," म्हणाल्या,
आणि माझ्याकडे न बघता
त्याचा कान कुरवाळत राहिल्या.

आता तीन मजले, एकोणतीस किलो,
रोज छातीशी धरून उतरवतो.
तो संकोचून पार्किंगकडे बघत राहतो,
कुणी ओळखीचं कुत्रं तर नाही ना?
दुसऱ्या वळणावर गुडघा किंचाळतो.
गप रे, म्हणतो त्याला,
तुझा नुसता संधिवात.