उपलब्ध

सोहार बंदर. रात्री दोनला हमूदचा फोन:
मेमरी संपली, दोनशे एमबी उरली.
म्हटलं, मोकळी नसली तरी उपलब्ध आहे.
कालच्या कंटेनरांच्या याद्या, कुणी पुन्हा मागेल म्हणून
कर्नलने हाताशी ठेवलेल्या.
गरज पडली की सोडेल; डिस्कवर प्रत आहे.

मग हिशेब नीट पाहिला.
कॅशच्या रकान्यात अकरा जीबी,
त्यातले चार शेअर्ड, स्वॅप बंद:
नोंद कॅशची, पण मागे प्रत कुठेच नाही.
सोडवत नाहीत.
हमूदला सातच सांगितले.

पहाटे खोलीवर आलो. मेघश्यामची खाट;
सुटीवर गेला तो परतलाच नाही,
कॅम्पच्या वहीत अजून भरलेली.
उशीखाली अर्धी पेस्ट, रिचार्जचं कार्ड खरवडलेलं.
उद्या नवा माणूस येतोय.
चादर काढली,
घडी घातली,
तिथेच ठेवली.