एक जास्त

मुठीत मावतं ते.
अंगठ्याखाली खुंटी, वर चार आकड्यांची खिडकी.
छावणीच्या भोजनगृहाशी मी उभी,
खांद्याला रायफल, मुठीत हे.
शिपाई आत गेला की टिक्.
मेजर गेला तरी टिक्. खुंटीला हुद्दा कळत नाही.

पहिल्या हिवाळ्यात रात्रीच्या जेवणाला
दोन हजार एकशे चाळीस.
अंगठ्याला घट्टा पडला,
कुदळीनं पडतो तसा.

कुदळ मला मिळाली होती, आमच्या सैन्यानं कमी केलं तेव्हा.
गुलूच्या मैदानात नावं वाचली, बूट परत घेतले,
बदल्यात बारा पत्रे, एक घोंगडी, शेंगदाण्याचं बी
आणि ती कुदळ, बिनदांड्याची.
कॅप्टन म्हणाला, देशाला आता एवढी माणसं परवडत नाहीत.
मी म्हटलं, बरं.
एक हंगाम शेंगा काढल्या, दुसरा उधळीनं खाल्ला.
मग कंपनीची गाडी आली, भोंगा लावून:
ज्यांनी बंदूक धरलीय त्यांनी उद्या सकाळी यावं.
मैदान तेच. रांगही जवळपास तीच.

महिना हजार डॉलर, असं ऐकून निघालो.
विमानतळावर सहाशे झाले.
दुसऱ्या करारात चारशे;
सहीला पेन मात्र नवं.

इथे आता जेवणारे घटताहेत.
एकोणीसशे. बाराशे. सातशे बावीस.
त्यांच्या टीव्हीवर त्यांचा मंत्री सांगतो, सैन्य माघारी येतंय,
आणि नकाशावरची निळी पट्टी आखडत जाते.
खरं आहे. मी स्वतः मोजलंय.
बुरूज तेवढेच आहेत, एवढंच.
ज्या बुरुजावरून टेक्ससचा पोरगा दुपारी उतरला
त्यावर संध्याकाळी आमचा कुणी चढला,
खुर्ची अजून गरम.
आमचा भात मागच्या तंबूत,
तिथे दाराशी कुणी उभं नसतं.
आम्ही खिजगणतीत नाही, हे मी तक्रार म्हणून नाही सांगत.
यंत्र माझ्याच हातात; मला ठाऊक असणारच.

ओदोच चार नंबरच्या बुरुजावर होता.
आमच्यात पायाळू जन्मलेल्या मुलाला ओदोच म्हणतात.
त्याला मोटरसायकलींचे भाव तोंडपाठ.
लाल बजाज घेणार, मागे दोन माणसं आणि एक बकरी बसेल अशी.
कुठल्या देशात बनते ती, विचारलं तर म्हणाला,
लांबच्या. आपण नाही का लांबचे?

मंगळवारी पहाटे तोफगोळा आला.

झेंडा नव्हता. त्यांच्या यादीत तो सैनिक नव्हता,
आमच्या देशाच्या यादीतून तर केव्हाच कमी झालेला.
कंपनीनं मालाच्या पावतीवर वजन लिहिलं.
आला तसाच गेला, पाय पुढे करून.

त्या रात्री सहाशे नव्वद जेवले.
दार लावून घेतलं, दिवे मालवले,
आणि अंगठा दाबला.
टिक्.

सकाळी हिशेबाचा सार्जंट आला.
ताटं सहाशे नव्वद, तुझा आकडा सहाशे एक्क्याण्णव.
जास्तीचं कोण जेवलं, लामुनु?
(माझं नाव त्याला कधीच नीट म्हणता आलं नाही,
त्या दिवशी आलं.)
कुणी जेवलं नाही, साहेब.
मग?
अंगठा घसरला असेल.
त्यानं लाल शाईनं दुरुस्त केलं, वर म्हणाला,
यंत्र जुनं झालंय. नवं मागवू.

नवं यायच्या आत शेवटचा ट्रक निघाला.
ट्रकावरच्या पोरानं मला हात केला,
मीही केला, यंत्रासकट.

काल रात्री खिडकीत चार शून्यं.
आतल्या टेबलांवर मिठाच्या डब्या तशाच,
बाहेर बुरुजांवर आमची दोनशे अकरा माणसं जागी,
आणि मी दाराशी उभी,
कारण दार करारात आहे,
ऑगस्टअखेरपर्यंत.