परत एकदा हसा

खानापूर रोडच्या हॉलात पंखे बंद केले,
आवाज धरतो म्हणून.
आम्ही दोनशे माणसं घामानं निथळत,
आणि काचेआडचा तो किडकिडीत माणूस म्हणाला,
टाळ्या नंतर. आधी नुसतं हसा.

टेबलापाशी चौघं. त्यातल्या टकल्याचा पहिलाच विनोद
निम्मा कानडीत.
हशा दोन हप्त्यांत आला:
आधी आमच्या वडगावच्या मागवाल्यांचा,
मग शेजाऱ्यानं कानात सांगितल्यावर
टिळकवाडीचा.
माझ्या बाजूची भागव्वा तेवढी दोन्ही वेळा हसली.
का गं, म्हटलं.
“एकदा मला कळलं म्हणून,
एकदा त्यांना कळलं म्हणून.”

मग वायर सुटलेली निघाली.
परत तोच विनोद, परत हसा म्हणाले.
हसलो की.
पाव्हण्याकडं दुसरा चहा घेतात तसं.

रविवारी माग थांबवून रेडिओ लावला.
विनोद कापलेला.
हशा मात्र ठेवला होता,
भलत्याच कुणाच्या कोटीला चिकटवून.
त्यात भागव्वा लगेच ओळखू आली,
सगळ्यांच्या आधी सुटलेली,
आणि तिच्या मागोमाग
माझा खोकला.