हलकं काम

गुडघ्यातली गादी झिजली. डॉक्टरनं लिहून दिलं : हलकं काम.
बावीस वर्षं उभ्यानं नोकरी केलेल्या कंडक्टरला
डेपोनं खुर्ची दिली, आणि म्हणाले,
आधी संगणक शिकून या.

उदगीरला, झेरॉक्सच्या दुकानावरचा माळा.
अकरा यंत्रं, त्यातली आठ चालू.
शिकवायला तरन्नुम मॅडम,
आमच्या मैनोद्दीन ड्रायव्हरची धाकटी.
इवलीशी होती तेव्हा बोनेटवर बसून यायची.
आता म्हणते, चाचा, माऊस एवढा जोरात दाबू नका,
तिकिटाचा चिमटा नाही तो.

कोरं पान उघडलं.
वरच्या कोपऱ्यात एक काडी, उघडझाप करत उभी.
"हा कर्सर. हा जिथं, तिथं अक्षर उमटणार."
म्हटलं, म्हणजे हात केलेला प्रवासी.
ती हसली.
"काहीही टाइप करा."

काहीही म्हटल्यावर माणसाला काय येतं?
मला गाडी येते.
उदगीर. एंटर. तोंडार पाटी. एंटर. वाढवणा पाटी.
ढ शिफ्टखाली दडलेला,
हाळीचा ळ पण तिथंच.
एका बोटानं अहमदपूर गाठेपर्यंत क्लास सुटला.

मग सलग मजकूर लिहायला लावला,
तर एक गोष्ट बघून हात थांबला :
ओळ भरली की शेवटचा शब्द
आपला आपण खालच्या ओळीत जाऊन बसतो.
मधे नवा शब्द घुसवा,
मागचे सगळे मुकाट सरकतात.
कुणी विचारत नाही, जागा कुठंय मास्तर.
बावीस वर्षं घसा फोडला मी,
पुढं सरका, पुढं सरका, दारात थांबू नका,
आणि इथं ही अक्षरं, शहाण्या घरची.

तिसऱ्या दिवशी नवी फाईल, परत तीच गाडी.
आता वीस मिनिटांत अहमदपूर.
"चुकलं की कंट्रोल झेड. एक पाऊल मागं.
परत दाबा, आणखी एक."
मी दाबत राहिलो.
अहमदपूर गेलं. शिरूर ताजबंद गेलं. हाळी गेली.
वाढवणा पाटीवर बोट अडलं.

वैशाख होता.
पोत्यात शिलाई मशीनचं डोकं घेऊन एक जण चढलेला.
तिकिटापुरते पैसे होते,
सामानाचे चार रुपये नव्हते.
पुढल्या बाजाराला देतो की मालक, म्हणाला.
त्या आठवड्यात चेकिंग लागलेलं.
मी एक बेल मारली. उतरवला.
मैनोद्दीन आरशात बघत बसला, गिअर टाकीना.
"राहू द्या ना मास्तर. मशीनच हाय."
मी डबल बेल दिली.
मागच्या काचेतून दिसत राहिलं
माणसाच्या डोक्यावर मशीनचं डोकं,
बारीक बारीक होईस्तोवर.

विचारलं, मॅडम, हे मागं मागं किती जातं?
"फाईल उघडल्यापासूनचं, चाचा.
त्याच्या आधीचं नाही."
आणि ती पलीकडच्या पोराकडं गेली,
त्याचा कागद प्रिंटरात अडकलेला.

तेवढ्यात लाईट गेली.
"सेव्ह करा सगळे, सेव्ह! यूपीएस पाच मिनिटांचाच आहे!"
यंत्र नाव मागू लागलं.
गडबडीत जे बोटाला आलं ते दिलं : चार रुपये.

दुसऱ्या दिवशी फाईल उघडली.
कर्सर शेवटाला सोडून गेलो होतो,
बघतो तर उदगीरच्याही आधी,
फलाटाला लागलेल्या गाडीसारखा.
खालचा बाण दाबत निघालो.
तोंडार पाटी.
वाढवणा पाटी. पुढं रस्ताच नाही,
काल तेवढाच उरला होता.
एंटर मारून लिहिलं :
प्रवासी एक. सामान एक नग.
आणि हात मांडीवर ठेवून बसलो.

मॅडम मागं येऊन उभी.
"चाचा, पुढं चला की. अहमदपूर राहिलं."
म्हटलं, थांब माय,
सामान चढूलालंय.