कुडलला, सायकलवर

पहाटे पाचला बोमड्याल आला,
चादर कारखान्यातली रात्रपाळी तशीच अंगावर.
म्हणाला, चल, संगमापर्यंत.

टाकळीजवळ पंक्चर.
मग उसाचे ट्रॅक्टर, मग वाराच समोरून.

सीना भीमेत शिरते तिथं
दोन रंगांचं पाणी थोडा वेळ
एकमेकांना ओळख देत नाही.

देवळातल्या तुळईवर जुनी अक्षरं.
तो बोटानं चाचपत राहिला
ताण्यातला तुटका धागा शोधावा तसा.
"वाचता येईना," म्हणाला, "पण वीण घट्ट आहे."

पलीकडं जायला गुळाची जुनी काहील.
भिमशा वल्हवतोय, आम्ही गोल गोल.
मधल्या धारेत बघतो तर
बोमड्याल झोपलेला, तोंड उघडं,
हातात सायकलची घंटी.

भिमशानं वल्हं वर धरलं.
राहू दे, म्हणाला,
थोडं वाहत जाऊ.