डेकची मापं

लवीना पर्वरीहून आली, लॅपटॉप उघडून म्हणाली,
आंटी, तीन डिझाइनं केलीयत.
एकात काचेचं रेलिंग, म्हणजे नदी अडत नाही.
एकात कडेनं पेरलेले दिवे.
तिसऱ्यात मधोमध आगीचा खड्डा,
हल्ली सगळे मागतात म्हणे.
चोडणात, मे महिन्यात, आगीचा खड्डा!
मी तिच्यापुढे सोलकढीचा पेला सरकवला.
पडद्यावर आमच्या मागीलदारची मांडवी
खरीहून निळी होती,
आणि चिखल कुठेच नव्हता.

तांडेल आत होते, रेडिओला कान लावून.
चौतीस वर्षं रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर,
एवढ्याशा पाण्यावर अख्खी नोकरी.
आता काचबिंदू. कडा आधी गेल्या,
मधलं थोडं उरलंय, नाण्याएवढं.
आतूनच ओरडले,
"डेक बोटीला असतो. घराला कशाला?"

मी लवीनाला म्हटलं, काच नको.
काच त्यांना दिसायची नाही, खंड्यालाही नाही.
रेलिंग लाकडाचं कर, मुठीत मावेल इतकं गोल.
दारापासून फळ्या लांबीच्या घाल, चालत्या दिशेनं,
आणि पायरी यायच्या आधी हातभर आडव्या:
अनवाणी तळव्याला कळू दे, इथं थांबायचं.
तिनं लिहून घेतलं. मग बराच वेळ
पेन्सिल नुसतीच धरून बसली.

रोहिदास मेस्तानं माट्टीच्या फळ्या आणल्या.
करवत लागली तसे तांडेल बाहेर आले,
एक फळी नखानं वाजवली. "ही ओली."
मेस्त म्हणाला, नाही हो.
शनिवारी तीच फळी केळीच्या पानासारखी वळली.
सोमवारपासून मेस्तानं
तांडेलांसाठी खुर्ची मांडली, न सांगता,
आणि प्रत्येक फळी आधी त्यांच्या मांडीवर.

पॉलिश कसलं लावायचं यावरून दोन दिवस गेले.
मेस्ताकडे डबा होता, चकचकीत, परदेशी.
तांडेलांना काजूच्या टरफलांचं तेल हवं होतं,
होडीला लावतात ते, काळं, जाळणारं.
शेवटी तेच लावलं.
माझ्या दोन बोटांची सालं निघाली,
आठवडाभर आमटीलासुद्धा होडीचा वास.

बिरंडीचं झाड मधे येत होतं.
फळ्यांना गोल भोक पाडून ते तसंच ठेवलं,
खोडाभोवती चार बोटं जागा सोडून.
मेस्त म्हणाला, झाड वाढेल, मग पुन्हा कापावं लागेल.
मी म्हटलं, तेव्हा पुन्हा ये.

निघायच्या दिवशी तिसरी फळी करकरली.
मेस्तानं हातोडा काढला.
"राहू दे," तांडेल म्हणाले,
"कोण आलं ते कळतं."

आता संध्याकाळी ते रेलिंग धरून उभे राहतात,
पाय किंचित फाकवून, जमीन हलत असल्यासारखे.
फेरीचं इंजिन खाली उतरतं, ते मान हलवतात:
"पोरगा उशिरा वळवतो. ओहोटी आहे, कळत नाही त्याला."
जरा थांबून, "लागली."
मग रॅम्प आदळल्याचा आवाज
मला ऐकू येतो.

लवीना फोटो काढायला आली होती.
खुर्ची थोडी इकडे घेऊ का, म्हणाली.
मी म्हटलं, बाई गं, खुर्चीला हात लावू नकोस.

दिवे मात्र ठेवले, कडेनं, तिच्या मनासारखे.
ते माझ्यासाठी. रात्री जाग आली,
पलंगाची ती बाजू रिकामी दिसली,
तर माणूस कुठं उभा आहे ते खिडकीतून कळावं.

परवा वीज गेली.
मी दारातच अडखळले, हात पुढे करून.
अंधारातून आवाज आला,
"डावीकडे दोन फळ्या. आता बस."